सतरा वर्षं कुलूप

रिनो, नेवाडा
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

प्रिय दिगंबर,
सप्रेम नमस्कार.

तुझा मेसेज येऊन तीन दिवस झाले. उत्तर टाइप करायला घ्यायचो आणि पुसून टाकायचो. शेवटी आज सकाळी चहा घेऊन टेबलाशी बसलो आणि कागद पुढे ओढला. हे अंगठ्यानं लिहून होण्यासारखं नाही.

तू लिहिलंयस की वाडा अकरा वर्षं बंद आहे, काकांचं आणि अण्णांचं एकमत होत नाही, बिल्डरचा दिवसाआड फोन येतो, "आणि खरं सांगू का, आता तो पडलेलाच बरा." हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. अगदी हेच वाक्य मी इथे पंचवीस वर्षांपूर्वी एका हॉटेलाबद्दल ऐकलंय. दुकानात, बसमध्ये, कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये, जो तो म्हणायचा. मेप्स हॉटेलचं मी तुला फोनवर तुटक तुटक सांगितलंय, पण तू दर वेळी विचारतोस, "जुगाराच्या अड्ड्यासाठी एवढी हळहळ?" आज सगळं नीट सांगतो. वेळ काढून वाच.

आधी गाव डोळ्यांसमोर आण. वाईसारखंच नदीकाठचं. ट्रकी नदी टाहो सरोवरातून निघते, सिएरा नेवाडाचे डोंगर उतरते, रिनोच्या मधोमध वाहते आणि पुढे वाळवंटातल्या पिरॅमिड लेकमध्ये संपते. समुद्र तिला भेटतच नाही. पात्र आपल्या कृष्णेहून लहान, पण पाणी बर्फाचं. उन्हाळ्यातही पाय बधिर होतात. गावातला मोठा रस्ता म्हणजे व्हर्जिनिया स्ट्रीट. तो जिथे नदी ओलांडतो त्या पुलाच्या उत्तरेच्या टोकाला मेप्स, आणि पलीकडच्या तीरावर रिव्हरसाइड हॉटेल, त्याला लागून काउंटीचं कोर्ट. हॉटेल, पूल आणि कोर्ट अशी जवळजवळ का, हे कळलं की अर्धं रिनो कळतं.

१९३० साली अख्ख्या नेवाडा राज्याची लोकसंख्या होती ९१ हजारांच्या आसपास. खाणी थंडावलेल्या, त्यात जागतिक मंदी. अशा वेळी राज्यानं दोन कायदे केले आणि दोन्हींवर गव्हर्नर फ्रेड बाल्झर यांनी १९ मार्च १९३१ या एकाच दिवशी सही केली. एकानं जुगार उघडपणे कायदेशीर झाला. दुसऱ्यानं घटस्फोटासाठी राज्यात राहण्याची अट तीन महिन्यांवरून सहा आठवड्यांवर आली. तेव्हा न्यूयॉर्कसारख्या राज्यात व्यभिचार सिद्ध केल्याशिवाय घटस्फोट मिळत नसे. त्यामुळे देशभरातून माणसं, त्यातही बायका फार, ट्रेननं रिनोला यायच्या, सहा आठवडे काढायच्या, कोर्टात उभ्या राहायच्या आणि मोकळ्या होऊन परतायच्या. कोर्टातून निघाल्यावर पुलावरून लग्नाची अंगठी नदीत टाकायची, अशी इथली आख्यायिका. किती जणींनी खरोखर टाकली देव जाणे, पण तो पूल त्याच गोष्टीवर प्रसिद्ध होता. जॉर्ज विंगफील्ड या धनाढ्य माणसानं १९२७ मध्ये बांधलेलं रिव्हरसाइड याच पाहुण्यांवर चालायचं. सहा आठवडे मुक्काम करायचा म्हणून काही खोल्यांना छोटं स्वयंपाकघरसुद्धा होतं.

आता मेप्स. दुसरं महायुद्ध संपलं आणि मेप्स कुटुंबानं पुलाजवळच्या जुन्या पोस्टाच्या जागेवर बारा मजली हॉटेल बांधायला काढलं. १७ डिसेंबर १९४७ रोजी ते उघडलं. तेव्हा नेवाडात त्याहून उंच इमारत नव्हती. आर्ट डेको घडणीचं, विटांचं; आपल्या मरीन ड्राइव्हच्या इमारतींचं एखादं दूरचं भावंड वाटावं असं. पण त्याची खरी नवलाई उंचीत नव्हती. त्याआधी रिनोत माणूस बहुतेक एका ठिकाणी झोपायचा, खेळायला दुसरीकडे जायचा आणि गाणं-नाच बघायला तिसरीकडे. मेप्सनं हे सगळं एकाच उंच इमारतीत आणलं. खाली कॅसिनो, मधे खोल्या, आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर काचेच्या मोठ्या खिडक्यांचा हॉल, स्काय रूम. तिथे जेवत जेवत कार्यक्रम बघायचा, खिडकीतून बर्फाचे डोंगर आणि खाली नदी. कार्यक्रम संपला की लिफ्ट तुम्हाला सरळ जुगाराच्या टेबलांशी आणून सोडणार. आज लास वेगासला जे राक्षसी कॅसिनो-हॉटेल बघून लोक तोंडात बोट घालतात, त्याचा साचा आधी इथे, आमच्या या लहानशा गावात ओतला गेला. हे लास वेगासवाल्यांनाही फारसं माहीत नसतं आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

१९९८ च्या ऑगस्टमध्ये मी खाणशास्त्राच्या एम.एस.साठी इथल्या विद्यापीठात आलो तेव्हा मेप्स बंद होऊन सोळा वर्षं होत आली होती. मला ते कळलं माझ्या घरमालकिणीमुळे. तिच्याबद्दल मी तुला तेव्हा लिहिलं होतं, आठवतंय? भाड्याबरोबर दर रविवारी सूप देणारी. ती १९५८ मध्ये ओहायोहून घटस्फोटासाठी आलेली. वय सव्वीस, जवळ दोन बॅगा. कोर्टात साक्षीदार लागायचा: ही बाई सहा आठवड्यांत रोज मला नेवाडातच दिसली, असं शपथेवर सांगणारा. बहुतेक वेळा ती साक्ष खोली भाड्यानं देणाऱ्या बाईची असे. हिच्याही घरमालकिणीनं साक्ष दिली, कोर्टाचं काम काही मिनिटांत आटपलं, आणि पायऱ्यांवर उभी राहिल्यावर हिच्या लक्षात आलं की परत जायला गावच उरलेलं नाही. पुढच्या वर्षी मेप्समध्ये नोकरीला लागली ती ते बंद होईपर्यंत.

तिचं काम चेंज गर्लचं. तेव्हाची स्लॉट मशीन खऱ्या नाण्यांवर चालायची. खेळणाऱ्याला मशीन सोडून उठायला लागू नये म्हणून या मुली कमरेला नाण्यांचा पट्टा बांधून मशीनच्या रांगांमधून फिरायच्या. नोट घ्यायची, नाण्यांचे रोल द्यायचे. आठ तास. एकदा तिनं माझ्यासमोर आपले हात धरले आणि म्हणाली, "घरी गेल्यावर पहिले हे घासायचे." नाण्यांचा काळा मळ बोटांच्या रेघांत बसायचा, ब्रशनं घासला तरी नखांच्या कडेला राहायचा. आमच्या आज्जीचे हात चुलीनं तसे व्हायचे. शेवटी शेवटी तिची पाठ कायमची एका बाजूला वाकली होती, त्या पट्ट्याच्या वजनानं.

जुगाराचं कौतुक तिला नव्हतं, मलाही नाही. शुक्रवारी पगाराचं पाकीट घेऊन येणारा आणि रात्री बारा वाजता तिच्याकडे बसभाडं मागणारा माणूस तिनं पाहिला होता, आणि असा एकच नव्हता. ती द्यायची, आपल्या पर्समधून. पण तिला विचारलं की तुझं घर कुठलं, तर ती ओहायो म्हणायची नाही. ती म्हणायची, "मेप्स." त्या इमारतीत तिला पगार मिळाला, मैत्रिणी मिळाल्या, आपल्या नावानं हाक मारणारी माणसं मिळाली. १९५० आणि १९५५ या दोन्ही साली ट्रकीला पूर आला आणि गावातले रस्ते पाण्याखाली गेले. ते तिनं पाहिले नव्हते, पण कामावरच्या जुन्या बायकांकडून ऐकून ती असं सांगायची, जशी तीच गुडघाभर पाण्यात उभी होती.

१९६० चा उन्हाळा मात्र तिच्या डोळ्यांसमोरचा. 'द मिसफिट्स' या सिनेमाचं चित्रीकरण रिनो आणि आसपास झालं आणि मंडळी मेप्समध्ये उतरली होती: मेरिलिन मन्रो, क्लार्क गेबल, लेखक आर्थर मिलर, दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन. गोष्टही घटस्फोटासाठी रिनोत आलेल्या बाईचीच, आणि त्यात कोर्टाजवळचा तो पूल आणि अंगठीचा उल्लेखही येतो. मन्रो आणि मिलर नवरा-बायको होते, आणि त्यांचं लग्न याच काळात मोडत होतं. ऑगस्टमध्ये डोंगरात डॉनर रिजला मोठी आग लागली, वीज गेली आणि गाव अंधारात बुडालं. घरमालकीण सांगायची की जुगाराची मशीनं गप्प झालेली तिनं आयुष्यात तेव्हाच ऐकली. गेबल त्या नोव्हेंबरातच वारले, मन्रो-मिलरांचा घटस्फोट पुढच्या जानेवारीत झाला आणि मन्रोचा तो शेवटचा पूर्ण झालेला सिनेमा ठरला. या सगळ्यातलं घरमालकिणीला मोलाचं काय वाटायचं माहितेय? गावात सिनेमावाले आहेत म्हणून लोक नुसते बघायला यायचे, आणि त्या दोन-तीन महिन्यांत तिनं नवा फ्रिज घेतला.

मग घसरण. १९७८ हे वर्ष रिनोच्या इतिहासात फार महत्त्वाचं. त्या एका वर्षात गावात अनेक मोठे कॅसिनो उघडले. सर्वांत मोठं एमजीएम ग्रँड, जुन्या बाजारपेठेपासून दूर, विमानतळाच्या बाजूला, हजारावर खोल्यांचं. गाडी लावायला भरपूर जागा, आत सिनेमागृह, बोलिंग. एकदा आत गेलं की बाहेर पडायची गरज नाही. मेप्सचे मालक चार्ल्स मेप्स यांनीही त्याच सुमाराला आपल्या 'मनी ट्री' या दुसऱ्या कॅसिनोचा विस्तार केला. बाजार फुगला तेवढी गिऱ्हाइकं आली नाहीत, व्याजाचे दर चढले, मंदी आली. कर्ज डोक्यावरून गेलं. १७ डिसेंबर १९८२ रोजी, उघडल्याला बरोबर पस्तीस वर्षं झाली त्या दिवशी, मेप्स बंद झालं. घरमालकीण शेवटच्या पाळीला होती. तिनं पट्टा सोडून काउंटरवर ठेवला आणि तिला चालताच येईना, इतकं अंग हलकं वाटलं म्हणे.

आता दिग्या, इथून पुढचं नीट वाच, कारण इथून पुढे तुझा वाडा सुरू होतो.

मेप्स पाडलं गेलं २००० साली, पण ते संपलं या मधल्या सतरा वर्षांत. १९८४ मध्ये ते राष्ट्रीय वारसा-नोंदवहीत गेलं. लोकांना वाटलं, वाचलं. पण त्या नोंदीनं इमारतीला मान मिळतो, संरक्षण मिळत नाही. मालकानं पाडायचं ठरवलं तर ती नोंद त्याचा हात धरू शकत नाही. इमारत गावाच्या नाकासमोर उभी, खालच्या खिडक्यांना फळ्या, वरच्या काचांवर धूळ, कठड्यांवर कबुतरं. या गावचा हिवाळा तू पाहिलेला नाहीस. रात्री सगळं गोठतं, दुपारी वितळतं, पुन्हा गोठतं. विटेच्या एका चिरेत पाणी शिरलं की ते बर्फ होऊन चीर रुंद करतं. आतल्या उबेशिवाय कुठलंही घर हे किती वर्षं सोसेल? १९९६ मध्ये शहराच्या पुनर्विकास संस्थेनं ते विकत घेतलं. दुरुस्तीच्या योजना आल्या, गेल्या. प्रत्येक योजनेत खर्चाचा आकडा मोठा होत गेला, कारण प्रत्येक हिवाळ्यात इमारत थोडी आणखी खचत होती. १९९८ मध्ये नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशननं देशातल्या सर्वांत धोक्यातल्या अकरा जागांच्या यादीत मेप्सचं नाव घातलं. तोवर गावातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांनी ते उघडं असलेलं पाहिलंच नव्हतं. त्यांना तिथे आठवण कुठली असणार? त्यांना ती फक्त एक घाणेरडी मोठी भिंत. मी स्वतः पहिल्या वर्षी रोज बसमधून तिच्यावरून जायचो आणि मान वर करून पाहायचो नाही.

सप्टेंबर १९९९ मध्ये नगर परिषदेनं पाडायच्या बाजूनं मत दिलं. कोर्टकज्जे झाले, हाताला काही लागलं नाही. परिषदेला मी सरसकट दोष देत नाही. गावाच्या काळजात सतरा वर्षं एक बंद इमारत आणि तिजोरीत पैसा नाही, अशा जागी बसलं की माणूस 'मोकळं करा' म्हणणारच. पण तोवर निर्णय झालेलाच होता, रे. तो निर्णय कुणीही न घेता, दर वर्षी थोडा थोडा, होत गेला होता.

३० जानेवारी २०००, रविवार. थंडी अशी की श्वासाची वाफ मिशीवर गोठायची. माझ्या वर्गातले आम्ही चौघं स्फोटकं शिकत होतो म्हणून उत्साहानं गेलो होतो. खाणीतलं आणि इमारतीचं तत्त्व एकच: सगळं एकदम उडवायचं नाही. आधी आतून आधार कमकुवत करायचे, मग खालच्या मजल्यांचे भार पेलणारे खांब ठरावीक क्रमानं, क्षणाच्या अंशाइतक्या फरकानं तोडायचे. बाकी काम इमारतीचं स्वतःचं वजन करतं. मी मित्रांना हे समजावत होतो, घड्याळ हातात धरून. लोक कॅमेरे घेऊन आले होते, पोरं बापांच्या खांद्यांवर. मग कोरडे, तुटक आवाज, ओळीनं. एक क्षण काहीच झालं नाही. इमारत तशीच उभी, जणू तिला ऐकू आलं नाही. आणि मग ती बसली. वरची स्काय रूम सरळ रेषेत खाली आली, खिडक्यांसकट. मी घड्याळ बघायचं विसरलो. धुरळ्याचा लोट नदीवरून आमच्याकडे आला, तोंडात जुन्या चुन्याची चव. काही लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी एक म्हातारा हॅट काढून उभा होता.

घरमालकीण आली नव्हती. मी घरी पोचलो तेव्हा ती स्वयंपाकघरात खुर्चीवर बसलेली, गॅस बंद, सूप अर्धवट. आवाज घरापर्यंत आला होता. तिनं मला काही विचारलं नाही. माझ्या कोटावरची धूळ बघितली, उठली, बोटानं थोडी पुसून घेतली आणि बोटाकडे बराच वेळ बघत राहिली. तेच बोट, नखाच्या कडेला तसंच काळं.

यातलं मला सगळ्यात लागलेलं अजून सांगायचंय. पलीकडच्या तीरावरचं रिव्हरसाइडही बंदच पडलेलं होतं. तेही पाडायच्या गोष्टी झाल्या होत्या. पण आर्टस्पेस नावाच्या संस्थेनं ते घेतलं, मागची जोडकामं काढली, १९२७ ची मूळ इमारत ठेवली आणि आत कलावंतांसाठी राहायच्या-काम करायच्या ३५ जागा केल्या. ती उघडली त्याच साली, २००० मध्ये. आज संध्याकाळी पुलावर उभं राहिलं की डावीकडच्या तीरावर खिडक्यांत दिवे लागतात, कुणाचं ईझल दिसतं, कुणाची कपडे वाळत घातलेली दोरी. उजवीकडे, जिथे मेप्स होतं, तिथे फरसबंद चौक आहे. काही हिवाळे तिथे बर्फाची रिंक असायची, माझी मुलगी तिथेच स्केटिंग शिकली. चांगली जागा आहे, मी नावं ठेवत नाही. पण दोन इमारती, एकच नदी, एकच गाव, एकच वर्ष. एकीला माणसं मिळाली आणि दुसरीला नाही.

आणि मेप्स पडल्यावर पाचच आठवड्यांनी, मार्च २००० मध्ये, कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी तिथल्या आदिवासी जमातींना लास वेगाससारखे कॅसिनो चालवायची परवानगी दिली. डोंगर ओलांडून रिनोला येणारं गिऱ्हाईक पलीकडेच थांबायला लागलं. ज्या धंद्यासाठी गाव जुनं काही राखायचं नाही म्हणत होतं, तो धंदाच आटला. आता बाहेरचा माणूस रिनोला आला की विचारतो, इथलं जुनं काय आहे बघायला? मी त्याला कोर्ट दाखवतो, १९३४ चं पोस्ट दाखवतो, रिव्हरसाइड दाखवतो. अंगठ्यांचा तो जुना पूलसुद्धा २०१५ मध्ये काढून नवा बांधला. मग चौकात उभं राहून हातानं हवेत बारा मजले दाखवतो.

तर वाड्याचं. काका आणि अण्णा यांचा निकाल लागेपर्यंत थांबू नकोस, एवढंच मला म्हणायचंय. वाटणीला दहा वर्षं लागोत. कुलूप मात्र या महिन्यात काढ. पुढच्या ओट्यावरच्या दोन खोल्या कुणाला तरी वापरायला दे, भाडं नाही आलं तरी चालेल. ती तुझ्या आळीतली शिवणकाम करणारी बाई जागा शोधत होती म्हणाला होतास. संध्याकाळी शिकवणीची मुलं बसू देत. कुणीतरी रोज केर काढला, चुलीचा नाहीतर गॅसचा धूर आढ्याला लागला, की वाळवी कळते, गळकं कौल कळतं, भिंतीत पिंपळ रुजला तर तो बोटभर असतानाच दिसतो. बंद घरात तो मनगटाएवढा झाल्यावरच दिसतो. मग इंजिनिअर येतो, मोठा आकडा सांगतो, आणि घरातलीच माणसं म्हणतात, पडलेलाच बरा.

तुझ्या माजघरात आपण दहावीचा अभ्यास केला. देवळीतल्या कंदिलाची काजळी मी भिंतीवर बोटानं ओढून माझं नाव लिहिलं होतं आणि तुझ्या आईनं ते पुसू दिलं नव्हतं. ते अजून आहे का बघून सांग. बिल्डरला सध्या एवढंच सांग की गणपतीनंतर बोलू. मी मेमध्ये तीन आठवडे येतोय, तिकीट काढलंय. पावसाच्या आधी कौलं शाकारायचा खर्च अर्धा माझा. यावर वाद घालू नकोस. गवंड्याला आत्ताच सांगून ठेव, मेमध्ये ते मिळत नाहीत.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. आणि किल्ली सापडत नसेल तर कुलूप तोड.

तुझा,
विन्या